बाब क्रमांक एकशेसात

बिश्केकमधल्या त्या खोलीत हीटर दोन.
चालतो एक, तो सभापतींच्या पायांपाशी.
मी इतिवृत्त लिहिते. सतरा वर्षं लिहिते आहे.
कोण काय म्हणालं ते लिहायचं,
कोणी काय म्हणायचं टाळलं, ते नाही.

बाब एकशेसात :
'लोकप्रतिनिधींना भूविज्ञानाची तोंडओळख.'
एक मिनीबस, बारा सदस्य, दोन मुक्काम,
तंबू, पाव, डिझेल,
आणि वरच्या हिमतळ्यापर्यंत नेणारा एक वाटाड्या.
बेरीज एवढीशी
की मागच्या वर्षी ती खोडताना
पेनातली शाईही कमी झाली नसेल.

यंदा असिलकान स्वतः आली.
साठीला टेकलेली, सरकारी भूगर्भवाली,
बुटांवर अजून वरचा करडा चिखल.
पडद्यावर चित्रं दाखवायची तिची पाळी आली
तेव्हा तिने प्रोजेक्टरची वायरच उपटली
आणि पिशवीतून इनॅमलची एक परात काढून,
लग्नाघरी पीठ मळतात तसली,
पटलावर ठेवली.

परातीत ढेकूळ. माती, खडे, दगडासारखं गच्च.
"हा तळ्याचा बांध," ती म्हणाली.
"वरून डोंगर दिसतो. पोटात बर्फ आहे.
तुमचं चालू द्या."

तर चाललं.
तुर्दाकुनसाहेबांनी विचारलं, फुटणार कधी? तारीख सांगा.
ती म्हणाली, तारीख ठाऊक असती
तर मी इथे कशाला आले असते,
खालच्या गावात बस घेऊन गेले असते.
कोणी म्हणालं, तज्ज्ञांना पगार देतो ना आपण,
मग आम्हीही कशाला शिकायचं?
कोणी म्हणालं, दरवर्षी घाबरवता
आणि दरवर्षी काहीच होत नाही.
हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं.
मग पाव इथूनच का न्यायचा,
वाटेत मिळत नाही का, असा मुद्दा निघाला.
पावावर वीस मिनिटं गेली.

टक्.
परातीत एक खडा पडला.
सगळे थांबले. मग पुन्हा पावावर आले.
टक्. जरा वेळाने, टक् टक्.
झोपेत कूस बदलावी तसं ते ढेकूळ
एका अंगाला कललं,
आणि पुढचं मला नीट लिहिता आलं नाही,
कारण गढूळ पाणी काठावरून
पुरवणी मागण्यांच्या कागदांखाली शिरत
माझ्या वहीपर्यंत आलं होतं.

सभापतींनी आधी पाय वर घेतले,
मग हीटर बंद करायला सांगितला.
"एवढंच," असिलकान म्हणाली.
"याचे पैसे मागत नाही. फडकं असेल तर द्या."

निम्मी रक्कम मंजूर झाली.
जाण्याचं डिझेल यंदा,
परतीचं पुढच्या अर्थसंकल्पात.
न हसता लिहिलं.

जूनमध्ये बस निघाली. बारातले चार जण.
परतीचं डिझेल ओमुरबेक ड्रायव्हरने उधारीवर भरलं,
ती उधारी अजून आहे.
मी गेले नाही, कारकुनांची तरतूद नव्हती.
त्याच्याकडून कळलं ते असं :
तुर्दाकुनसाहेब वर त्या खडकाळ बांधावर
कोटासकट पालथे झोपले, कान लावून,
इतका वेळ की याला वाटलं, काही झालं की काय.
उठले तेव्हा म्हणाले, आत नळ चालू आहे.
उतरताना शाळेपाशी बस थांबवायला लावली.
खाली उतरले नाहीत.
काचेतून मुलं मोजली, दोनदा.
दोन्ही वेळा आकडा वेगळा आला म्हणे,
मुलं एका जागी उभी राहतात थोडीच.

यंदाच्या यादीत बाब एकशेसात आहे.
कोणी मांडली ते इतिवृत्तात सापडेल,
शोधणाऱ्याला.
त्या जुन्या पानाच्या कोपऱ्यात करडा डाग आहे,
बोट फिरवलं की बारीक वाळू लागते.
लेखापरीक्षकांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, जोडपत्र.